एक लाख पंधरा हजार दोनशे

"एक लाख पंधरा हजार दोनशे!"

कृष्णकांत राऊतांनी कुंपणापलीकडून हा आकडा असा काही फेकला की अलीकडे दात घासत उभे असलेले विश्राम चुरी चूळ भरायचीच विसरले.

"कसले?" तोंडातला फेस सांभाळत त्यांनी विचारलं.

"स्पीड हो! आमच्या इंटरनेटचा. काल जोडला, आणि जोडल्या जोडल्या खाली कोपऱ्यात आकडा. तुमचा किती येतो?"

खरं म्हणजे इंटरनेटला स्पीड असतो हेच विश्रामना तोपर्यंत माहीत नव्हतं. थोरला मुलगा जहाजावर होता, त्याची ईमेल यायची, धाकटी नलू ती उघडून वाचून दाखवायची, संपलं. पण शेजाऱ्यासमोर 'माहीत नाही' म्हणायचं? तेही कृष्णकांतसमोर? "बघून सांगतो," म्हणत ते घरात आले आणि चूळ न भरताच ओरडले, "नलू! आपला स्पीड बघ!"

नलूची नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. सहामाहीला ती गणितात शाळेत पहिली आली होती आणि तेव्हापासून आपल्याला सुटणार नाही असं काही या जगात उरलेलं नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं. तिने कॉम्प्युटर चालू केला. मोडेमने नेहमीसारखा फोन फिरवला, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळला, मग बराच वेळ घसा खाकरला आणि गप्प झाला. कोपऱ्यात आकडा आला: अठ्ठावीस हजार आठशे.

"बस?" विश्राम म्हणाले. "त्याच्याकडे लाख आणि आपल्याकडे हजार?"

नलूलाही ते झोंबलंच. तिने वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. एक लाख पंधरा हजार दोनशे भागिले अठ्ठावीस हजार आठशे. भाग गेला चारने. बाकी शून्य! आणि बाकी शून्य आली की नलूच्या मते त्यापुढे देवालाही काही बोलायला जागा नसते.

"बाबा, बरोब्बर चौपट आहे! थोडा इकडे नाही, थोडा तिकडे नाही. चौपट!"

इथवर सगळं ठीक होतं. पण नलू तिथे थांबली नाही. "बाबा," ती म्हणाली, "आपल्या खांबावर फोन किती आहेत?"

विश्रामनी तोंडातला ब्रश काढला. "चार."

आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

हे सगळं का पेटलं ते कळायला माहीमची ही आळी माहीत हवी. मुंबईचं नव्हे, पालघरजवळचं माहीम. इथे लागून लागून चार घरं आणि चार वाड्या, चौघांत मिळून एक विहीर, विहिरीवर एक पंप. पंप एकच, म्हणून पाण्याच्या पाळ्या. सकाळची चुरींची, दुपारची नर्मदाकाकींची, उतरत्या उन्हाची कृष्णकांतची, संध्याकाळची धर्माजीआबांची. एकाने अर्धा तास जास्त पंप चालवला की पुढच्याच्या केळी तेवढ्या कोरड्या. त्यामुळे या आळीत माणूस जन्मतः एकच गणित शिकून येतो: एकाकडे जास्त आलं म्हणजे दुसऱ्याचं गेलं. आणि टेलिफोनवाल्यांनी नेमका या चार घरांसाठी एक खांब रोवला होता, त्याला एक डबा आणि डब्यातून चार तारा. मग दुसरं काय वाटणार?

संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बैठक बसली. धर्माजीआबा ऐंशीच्या घरातले, गेली तीस वर्षं पाळ्या तेच लावत आणि पंपाच्या पेटीची चावी त्यांच्याच जानव्याला बांधल्यासारखी कमरेला असे. विश्रामनी वर्तमानपत्राचा तो तुकडा त्यांच्यापुढे धरला. नलूने मोठ्या अभिमानाने भागाकार पुन्हा करून दाखवला. किती छान समजावून सांगतेस गं, असं कोणीतरी म्हणेल म्हणून ती थोडी थांबलीसुद्धा.

"म्हंजे चारी तारांचं हा एकटा वढतोय?" आबांनी विचारलं.

"तेच तर!" नर्मदाकाकी उसळल्या. "मी म्हणते, माझ्या वसईच्या लेकीचा आवाज महिनाभर असा खोल का येतो! मला वाटलं पोर आजारी हाय. दोनदा बांगड्याचं तिखलं करून पाठवलं मी तिला!"

"काकी, कनेक्शन कालच लावलंय मी," कृष्णकांत म्हणाले.

"मग आधीपासून तयारी चालली असंल!"

कृष्णकांत तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि आपल्या घरातली प्रत्येक वस्तू आळीत सगळ्यात चांगली असते, हा त्यांचा जुना आजार. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की बाबांनो, मी काही ओढत नाही, आकडा असा का येतो मलाही ठाऊक नाही. पण तसं म्हणायचं तर आकडा हातचा जाणार! त्यांनी छाती पुढे काढली.

"माझा मोडेमच दमदार हाय. तुमचा मरतुकडा असला तर मी काय करू?"

झालं. आबांनी चावी कमरेला आणखी घट्ट खोचली. "विहिरीचा नेम हाय. जो दुसऱ्याची पाळी वढील त्याची पाळी बंद. तिघांचं परत कर, चावी घेऊन जा."

"पाणी बंद? आबा, एप्रिल हाय! माझी नवी पानवेल लावलीय, तीन दिवस नाय टिकायची!"

"मग तीन दिवसांत परत कर."

*

दुसऱ्या दिवशी नलू कुंपणाशी गेली तेव्हा मंगला, म्हणजे कृष्णकांतची मुलगी आणि नलूची बालवाडीपासूनची मैत्रीण, घरच्या नळाची कळशी घेऊन पानवेलीच्या ओळीतून फिरत होती. एका वेलाला एक तांब्या. पन्नास वेलांना पुरणार किती आणि नळाला पाणी येणार किती!

"आली का भागाकारवाली?" मंगला म्हणाली.

"मी काय खोटा केला का? चोरी तुम्ही करायची आणि राग माझ्यावर?"

"चोरी! अगं ए शहाणे, तुझ्या दादाच्या कंपनीच्या साइटवरचा तो जहाजाचा फोटो मी पण बघितला काल. किती वेळ लागला माहितेय? मी मधे जाऊन भात टाकून आले!"

 हे नलूच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौपट स्पीड असेल तर फोटो पाव वेळात यायला हवा. यायलाच हवा! तिने लगेच घड्याळ आणलं. दोघींनी आपापल्या घरात एकदम तोच फोटो मागवला आणि खिडकीतून एकमेकींना ओरडून सांगत राहिल्या. नलूकडे लागली चार मिनिटं पंधरा सेकंद. मंगलाकडे चार मिनिटं चाळीस.

"तुझ्याकडे उशिरा आला!" नलू किंचाळली.

"मग! आणि पाणी कोणाचं तोडलं?"

आपला भागाकार बरोबर आणि उत्तर मात्र चुकीचं, हे नलूच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला स्वतःचा राग आला, पण फार थोडा. जास्त राग आला त्या आकड्याचा. असा कसा हा आकडा कोपऱ्यात बसून धडधडीत खोटं बोलतो? आणि कोणाची परवानगी घेऊन?

ती तडक एसटी पकडून बोईसरला गेली. तिथे हंसाताई कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. राहायला सरावलीला, वडील कारखान्यात, आणि बोलणं सरळसोट. त्यांनी सगळं ऐकलं आणि पाच मिनिटं नुसत्या हसल्या.

"हसू नका हो ताई! वेली मरतायत!"

"बरं बरं. ऐक. कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधे एक जाड वायर असते ना, मागे खोचलेली? त्या वायरवरून डेटा एक लाख पंधरा हजार दोनशेने धावतो. ती टेबलावरची दोन फुटांची वायर, तिला काय होतंय धावायला! पण मोडेमपासून पुढे टेलिफोनची तार. ती जुनी, लांब. तिथे चालतो अठ्ठावीस हजार, कधी सव्वीस. तुझा कॉम्प्युटर तारेचा आकडा दाखवतो, त्या काकांचा वायरचा. एवढंच."

"म्हणजे काका चोर नाहीत?"

"काका चोर नाहीत, काका दोन फुटांचे राजे आहेत." हंसाताईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्या कारखान्याचं गेट बघ. एका वेळी चार ट्रक बाहेर पडतील एवढं रुंद. आणि पुढचा रस्ता? एकच ट्रक जाईल, तोही खड्डे बघत. गेटवरच्या वॉचमनला विचारलं तर तो चारच म्हणणार."

मग त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की मोडेमच्या सेटिंगमध्ये एक रिकामी जागा असते, तिथे इंग्रजी डब्ल्यू लिहायचा. डब्ल्यूपुढे दोन लिहिलं की कॉम्प्युटर तारेचा आकडा दाखवतो, शून्य लिहिलं की वायरचा. "कोणत्याही मोडेमला चालतं असं नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या दोघांकडच्या या कंपनीच्या मोडेमला चालेल."

परत येताना नलूला वाटलं, आता काय, मिटलंच.

*

शनिवारी सकाळी ती आबांसमोर उभी राहिली. कारखान्याचं गेट आबांना काय कळणार, म्हणून तिने रात्री अंथरुणात पडून खास त्यांच्यासाठी उदाहरण तयार केलं होतं.

"आबा, समजा पंप मोठा आहे. पंपाचा पाइपही हा एवढा जाड. पण विहिरीचा झराच बारीक असेल, तर पाणी किती येणार? झऱ्याएवढंच ना? तसं काकांचा तो आकडा पाइपचा आहे. झरा सगळ्यांचा सारखाच बारीक..."

"कोणाचा झरा बारीक?" आबांचा आवाज एकदम चढला.

"नाही, समजा हो..."

"माझ्या आज्यानं खणलेली विहीर ही! दुष्काळात अख्ख्या माहीमनं पाणी नेलंय हितनं! आणि तू, चार बुकं शिकलेली, झरा बारीक म्हणतेस? विश्राम! पोरगी काय बोलते बघ!"

विश्राम धावत आले आणि काय झालं ते न विचारताच नलूला म्हणाले, "आबांची माफी माग."

"पण मी विहिरीबद्दल नाही, मोडेमबद्दल..."

"माग!"

नलूने माफी मागितली. तिने न केलेल्या अपमानाची, न आटलेल्या झऱ्यासाठी! तिचे कान लाल झाले. ठीक आहे, तिने ठरवलं. सांगून कळत नाही ना? मग दाखवते.

दुपारी कृष्णकांत कारखान्यात असताना ती मंगलाच्या घरी गेली, त्यांच्या मोडेमच्या सेटिंगमध्ये डब्ल्यू आणि दोन लिहिलं आणि फोन लावला. आकडा आला: सव्वीस हजार चारशे. एक लाख पंधरा हजार दोनशेचा मागमूस नाही!

"मंगे, बोलव सगळ्यांना!"

आबा आले, नर्मदाकाकी आल्या, विश्राम आले. आकडा बघून विश्रामच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते लपवायला त्यांना मिशी अपुरी पडली. "आमच्यापेक्षा दोन हजार चारशेने कमी!"

"दिलं म्हंजे परत," आबा म्हणाले. "पोरानं ऐकलं. चांगलं झालं." आणि त्यांनी कमरेची चावी काढून मंगलासमोर धरली. नलूने सुटकेचा श्वास सोडला. परत दिलंय म्हणे! काही परत दिलेलं नव्हतं, काही घेतलेलंही नव्हतं, पण जाऊ दे, पाणी तर सुटेल!

तेवढ्यात दारात कृष्णकांत उभे. पहिल्या पाळीचा डबा हातात, अंगावर कारखान्याची धूळ. ते चपला न काढता आत आले, स्क्रीनजवळ वाकले, आणि नलूला वाटलं की यांना आता चक्कर येते.

"माझे एक लाख पंधरा हजार दोनशे कुठे हायत?"

"काका, ते खरं तर कधी नव्हतेच..."

"कोणी नेले?"

"बाबा, राहू दे ना," मंगला रडकुंडीला आली. "आबा चावी देतायत. घ्या ना चावी."

"चावी?" कृष्णकांतनी चावीकडे साप बघावा तसं बघितलं. "आज मी चावी घेतली म्हणजे काय झालं? मी चोरलं होतं आणि घाबरून परत दिलं, असं झालं! उद्या पालघरच्या बाजारात लोक बोट दाखवतील. नाय घेणार! आधी माझा स्पीड जसा होता तसा परत द्या, मगच मी पाण्याला हात लावीन."

"नको तर नको," आबांनी चावी परत खोचली. "मी काय आरती घेऊन मागे फिरू?"

आणि कृष्णकांतनी काय करावं? त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि थेट टेलिफोनच्या खांबाखाली जाऊन बसले. उन्हात. आता कोण येतं तारेला हात लावायला ते बघतोच, म्हणाले. त्यांच्या मागे पन्नास पावलांवर त्यांची स्वतःची पानवेल पानं खाली टाकून उभी होती, पण त्यांची पाठ तिकडे होती.

नलू वेलींपाशी गेली. काल हिरवी होती ती पानं आज कडेने पिवळट, हात लावला तर कापडासारखी मऊ. मंगला रिकामी कळशी घेऊन पाटाच्या कडेला बसलेली. तिने नलूकडे बघितलंच नाही.

"उद्या दुपारपर्यंत," ती म्हणाली. "मग नवीनच लावायला लागतील. आईने तीन महिने जपल्यात त्या. तिला कुठे माहितेय स्पीड म्हणजे काय ते."

नलूला इतका संताप आला की सांगता सोय नाही. खरं सांगितलं तर माफी मागायला लावतात. खरं दाखवलं तर खुर्ची टाकून बसतात. एकाला खरा आकडा कमी पडतो म्हणून राग, दुसऱ्याला तो शेजाऱ्यापेक्षा जास्त आहे म्हणून आनंद, आणि खरं काय आहे याची कोणालाच, म्हणजे अगदी कोणालाच, पडलेली नाही! मोठी माणसं म्हणे! हंसाताईंचा कागद तिच्या हातात चुरगळला होता. तिने तो उघडला. डब्ल्यूपुढे दोन. डब्ल्यूपुढे शून्य.

ती बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिली.

*

रविवारी सकाळी आधी तिने मंगलाकडे जाऊन दोन खोडून शून्य लिहिलं. मग घरी येऊन, आई पोळ्या लाटत असताना आणि बाबा वाडीत असताना, आपल्या मोडेमलाही शून्य लिहिलं. वायरचा स्पीडही काकांच्या एवढाच लावला. मग फोन लावला, एकदा आकडा बघितला, आणि सगळ्या आळीला हाक मारली.

"बाबा, बघा!"

विश्राम स्क्रीनसमोर वाकले. एक, दोन, तीन असे त्यांनी बोटाने आकडे मोजले. मग खुर्चीत बसले. "नलू... एक लाख?"

"पंधरा हजार दोनशे," नलू दात चावत म्हणाली.

खांबाखालची खुर्ची सोडून कृष्णकांतही आले. आपल्या घरचा आकडा त्यांनी आधी बघितला, जिथल्या तिथे. मग इथला बघितला. चेहरा जरा पडला, पण त्यांनी सावरलं. "बघा विश्राम, मी म्हणत नव्हतो? तुमचा मोडेम जरा अंग चोरत होता. आता आला ताळ्यावर."

"ते खरं," विश्राम म्हणाले. मघापासून त्यांच्यात एकदम मोठेपणा आला होता. "मशीन गरम व्हायला वेळ लागतो."

नलूने जीभ दाताखाली धरली. तिला फक्त नर्मदाकाकींची भीती होती. दोघं मिळून ओढायला लागलात म्हणून त्या आता उसळणार, आणि तसं झालं तर चावी गेलीच. "काकी," ती घाईघाईने म्हणाली, "मी आता फोन बंद केलाय. तुम्ही लावून बघा लेकीला."

काकी गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. "अगं बाय! शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज!" आदल्या आठवड्यातही तो तसाच होता, पण तेव्हा कोणी त्यांना ऐकायला सांगितलं नव्हतं.

आबांनी दोघांकडे बघितलं. "दोघांचं सारखं?"

"सारखं," दोघं म्हणाले.

"मग वाटणी बरोबर हाय." त्यांनी चावी कृष्णकांतच्या हातात टाकली. "जा. आज माझी पाळीपण घे, वेली सुकल्यात."

चार तारांच्या खांबावरून एकट्याने सगळं ओढलं तर एक लाख पंधरा हजार दोनशे. आता दोघं प्रत्येकी तेवढंच ओढत होते. म्हणजे खांबावर होतं तरी किती? आणि हे जास्तीचं आलं कुठून? तीन दिवसांपूर्वी ज्या भागाकारावर अख्खी आळी बसली होती तो आज कोणालाही करायचा नव्हता. नलूने एकदा तोंड उघडलं. तेवढ्यात पंप सुरू झाला, पाटातून पाणी लवलवत पानवेलीच्या पहिल्या ओळीत शिरलं, आणि मंगला कळशी फेकून पाण्यात दोन्ही पायांनी उभी राहिली. नलूने तोंड मिटलं.

संध्याकाळी कृष्णकांत आणि विश्राम एकाच बाकावर चहा पीत बसले होते. मैत्री अशी की बघणाऱ्याला वाटावं, दोघांनी मिळून एखादं धरण बांधलंय. आत नलू दहावीचा एक नकाशा उतरवून घेत होती. नकाशा मोठा होता. अर्धा वर आला आणि तिथेच अडकून राहिला.

"झालं का गं?" विश्रामनी विचारलं.

"अजून दहा मिनिटं लागतील, बाबा."

"दहा मिनिटं?" ते उठून आत आले, कोपऱ्यातला आकडा बघितला, मग नलूकडे बघितलं. "एक लाख पंधरा हजार दोनशे स्पीड असून दहा मिनिटं?"

"बाबा, तो आकडा वायरचा..."

"पुन्हा सुरू झालं वायर आणि झरा!" ते दारातून बाहेर ओरडले. "कृष्णकांत, मशीन पळतंय, पण आमच्या पोरीला ते पेलवत नाय!"

"होतं सुरुवातीला," कृष्णकांत बाहेरून समजुतीने म्हणाले. "तिला सुट्टीत टायपिंगच्या क्लासला घाला, विश्राम. हात जरा भरभर चालला पाहिजे."

आणि सोमवारपासून नलू टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली.